शांतीबायच्या दारावरचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं कुलूप आहे. तोंड बंद ठेवायचं हाच माझा जन्माचा धंदा, त्यामुळे बोलायची सवय नाही. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. सध्या माझा मुक्काम नवीन पनवेलमधल्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत, रद्दीच्या गठ्ठ्यावर आहे. वाऱ्याने कागद उडू नयेत एवढंच काम आता माझ्याकडे उरलं आहे. माझ्या पोटात गंज चढला आहे आणि किल्लीच्या भोकात माशाचा एक खवला अडकून बसला आहे. तो तिथे कसा गेला, ते मला सांगायचं आहे.

माझा जन्म अलीगढचा. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने माझे सातही लिव्हर कानशीने घासून बसवले. मग किल्ली फिरवून मला कानाशी धरलं, 'खट्' असा आवाज ऐकला आणि मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला पुढे फार गर्व झाला. तिथून मी पनवेलला आलो आणि लाईन आळीतल्या एका दुकानात खिळ्याला लटकत राहिलो. १९८९ साली परेशने मला विकत घेतलं. परेश मूळचा उरणजवळच्या मोरा गावचा, होडीवाल्या कोळ्याचा मुलगा. नव्या बंदराच्या ऑफिसात त्याला कारकुनाची नोकरी लागली होती. रोज सकाळी फळ्यावर बोटींची नावं आणि भरती-ओहोटीच्या वेळा लिहायच्या, हे त्याचं पहिलं काम. त्याची बायको भावना पनवेलमधल्याच एका बँकेत होती. परेशने दोन्ही हातांनी मला ओढून पाहिलं, तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेब, दार मोडेल, पण हे मोडायचं नाही." ते बोलणं इतकं खरं ठरेल असं त्यालाही वाटलं नसेल.

पहिली वर्षं माझी चैनीची गेली. सकाळी साडेआठला दोघं बाहेर पडली की मी कडीत अडकायचो आणि संध्याकाळपर्यंत छाती काढून उभा असायचो. एकदा आमच्या इमारतीत चोर शिरले. तीन घरं फुटली. माझ्यावर त्यांनी चार घाव घातले आणि नाद सोडला. त्या वर्षी खंडेनवमीला भावनाने मला पुसून तेल घातलं, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. समोर राहणारे कमळाकर काका पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी मुद्दाम येऊन माझी कंपनी कोणती ते विचारलं. मित्रांनो, स्तुती कोणाला आवडत नाही?

१९९२ साली परेशचे वडील बुधाजी वारले आणि परेश आपल्या आईला, शांतीबायला, घरी घेऊन आला. काठापदराचं लुगडं, हातात हिरव्या बांगड्यांच्या जागी आता काहीच नाही, आणि चाळीस वर्षं डोक्यावर पाटी वाहून ताठ झालेली मान. दारात पाय ठेवता ठेवता तिने मला पाहिलं आणि हसली. "एवढ्याशा खोलीला एवढं मोठं कुलूप? आमच्या मोऱ्याला दार नुसतं ओढून घेतलं का झालं." मला राग आला. ज्या गावात कुलूप लागत नाही त्या गावाबद्दल माझं मत चांगलं असणं शक्यच नव्हतं. पण दिवसा घरात माणूस राहू लागलं तसा मी दाराच्या आतल्या खिळ्याला लटकून आराम करू लागलो आणि तिचं सगळं ऐकू लागलो. ती मोऱ्याच्या गोष्टी सांगायची. तिथल्या धक्क्याला ओहोटीला नुसता चिखल असतो, मासळीची होडी लागते ती भरतीलाच. पाणी चढायच्या आधी बायका पाट्या घेऊन हजर. ज्या बाईला उशीर झाला तिचं म्हावरं दुसरीच्या पाटीत गेलं म्हणून समजा. शांतीबायला चाळीस वर्षांत एकदाही उशीर झाला नव्हता, आणि हे ती भावनाला आठवड्यातून दोनदा तरी ऐकवायची.

दीड वर्ष बरं गेलं. मग ती विसरू लागली. आधी माशाच्या आंबटात दोनदा मीठ पडलं. मग बुधाजी कुठे गेला म्हणून विचारू लागली. सांगितलं की रडायची, आणि तासाभराने पुन्हा विचारायची. एका दुपारी ती दार उघडून निघून गेली. संध्याकाळी सापडली ती कळंबोलीला, लोखंडाच्या बाजारात, ट्रकांच्या रांगांमधून अनवाणी चालताना. भेटेल त्याला विचारत होती, धक्का कुठे आहे म्हणून. एका ड्रायव्हरने तिला चहाच्या टपरीवर बसवून ठेवलं होतं, म्हणून निभावलं.

तिला गावाची ओढ लागली असेल असं परेशला वाटलं. रविवारी तो तिला मोऱ्याला घेऊन गेला. परत आल्यावर खाली मान घालून त्याने भावनाला सांगितलं की काही उपयोग झाला नाही. धक्क्यावर चिखल होता, तिने तो पाहिला आणि त्याच्यावरच चिडली. "आता कशाला आनलंस?" एवढंच म्हणाली आणि परत फिरली. गावसुद्धा तिला ओळखू येत नाही, असा दोघांनी अर्थ काढला. मीही तोच काढला. मला तरी कुठे जास्त अक्कल होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला परेशने मला खिळ्यावरून काढलं. गॅसचं बटण बंद होतं, जेवणाचं ताट झाकलेलं होतं, पाण्याचा तांब्या भरलेला होता. शांतीबाय आत पलंगावर बसली होती. त्याने दार ओढलं, मला कडीत घातलं, किल्ली फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा माझी 'खट्' मला आवडली नाही. मी चोरांना बाहेर ठेवण्यासाठी जन्मलो होतो. आतल्या माणसाला आत ठेवायचं काम मला कोणी शिकवलं नव्हतं. भावना जिन्यात थांबली होती. तिने कमळाकर काकांच्या दाराकडे पाहिलं आणि घाईने खाली उतरली. कुठेही जाताना शेजारी किल्ली ठेवायची आपल्याकडे रीत आहे. भावनाने ती ठेवली नाही. सासूला कोंडून जातो हे कोणाला कळू नये, म्हणून. माझी तिसरी किल्ली स्वयंपाकघरात चहाच्या डब्यात होती, म्हणजे आतच.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. दिवसभर मी दाराला टेकून कान लावून असायचो. बराच वेळ काही नसायचं, आणि मग एकदम शांतीबाय दार हलवू लागायची. "दार खोला! होडी आली आसंल. कोन हाय भायेर?" दार हललं की मी आपटायचो. तासभर हा प्रकार चालायचा, मग ती थकून बसायची. आतल्या भिंतीवर टोले देणारं घड्याळ होतं. सोमवारी अकराचा टोला पडला आणि थोड्याच वेळात दार हललं. मंगळवारी ते हललं बारा वाजता. बुधवारी पाऊण वाजला असेल. रोज साधारण पाऊण तास पुढे. मधेच चार-पाच दिवस असे यायचे की दिवसभर दाराला हातही लागत नसे, पण सकाळी-संध्याकाळी दोघं घरात असतानाच ती दाराकडे धावायची. मला हे ठाऊक होतं आणि मला ते सांगता येत नव्हतं. जाणकार शेजाऱ्यांनी जिन्यात निष्कर्ष काढला की पौर्णिमा-अमावास्येला म्हातारीचं डोकं फिरतं. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळी घेतली की ती बसल्या जागी पेंगायची, आणि वेळ झाली की तशीच तोल जात दाराशी यायची.

ज्याची भीती होती ते एका गुरुवारी घडलं. दार हललं, मी आपटलो, आणि मग आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. त्यानंतर दार हललं नाही. मी वाट पाहिली. आतून बारीक कण्हणं येत होतं. कमळाकर काका बाहेर आले, दाराला कान लावला, "शांतीबाय, शांतीबाय" म्हणून हाका मारल्या. मी बाहेरून बंद होतो आणि किल्ली त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी घरातून वरवंटा आणला आणि माझ्यावर घातला. मित्रांनो, मी तेव्हा मनापासून म्हणत होतो की मोड, बाबा, मोड मला. पण त्या म्हाताऱ्या कारागिराने मला इतकं पक्कं केलं होतं की एक खिळाही हलेना. काका सत्तरीचे, घामाघूम झाले. खालच्या मजल्यावरचे दोघे धावत आले, त्यांनी पहार घातली, आणि शेवटी दाराचं लाकूड फाटून कोयंडाच उपटला. दार मोडलं, मी नाही मोडलो. कोयंड्यासकट मी फरशीवर पडलो तेव्हाही बंदच होतो.

शांतीबायचं मनगट मोडलं होतं आणि कपाळाला खोक पडली होती. जीव वाचला.

त्या रात्री दुरुस्त न झालेल्या दाराला खुर्ची लावून परेश आणि भावना बसली. कर्जतच्या बाजूला एक वृद्धाश्रम निघाला होता, तो दोघं आधीच पाहून आली होती. जागा चांगली होती. स्वच्छ खाटा, दिवसरात्र नर्स, वेळेवर जेवण, प्रेमळ माणसं. शिवाय फाटकाला कायम कुलूप, त्यामुळे कोणी बाहेर जाण्याची भीती नाही. ते ऐकून मी दचकलो. तिथे माझाच कोणी भाऊबंद उभा होता. भावना वाईट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. सासूची वेणी तीच घालायची, कपडेही तीच धुवायची. ती म्हणाली, "मी बँकेत बसते आणि माझे कान इथे दाराशी असतात. काल मी एकाचा चेक दुसऱ्याच्या नावावर टाकला. नोकरी सोडली तर या घराचे हप्ते कसे भरायचे? आणि नाही सोडली तर एक दिवस आपण दार उघडू आणि..." परेश मला हातात घेऊन उगाच उघडत होता, मिटत होता. आश्रमात सोमवारची जागा मिळाली. शनिवारी पिशवी भरली. दोन लुगडी, गोळ्या, बुधाजीचा फोटो.

रविवारी दुपारी भामा आली. भामाही मोऱ्याचीच, शांतीबायच्या बरोबरीने पाटी वाहिलेली. आता पनवेलच्या बाजारात बसायची आणि उरलेलं म्हावरं दारोदार विकायची. दाराची अवस्था, शांतीबायच्या हाताचं प्लास्टर आणि भरलेली पिशवी, तिन्ही तिने पाहिली आणि काही न विचारता पाटी उतरवून बसली. शांतीबायने तिला ओळखलं नाही. पण पाटीतल्या मांदेल्यांवर हात फिरवत बसली. घड्याळात दोनाचे टोले पडले. थोड्या वेळात शांतीबाय उठली, पदर खोचला आणि चांगला हात पुढे करून दाराशी गेली. भावना कानकोंडी होऊन म्हणाली की ही रोजचीच कटकट आहे, दिवसातून एकदा त्यांना असं होतं, वेळही ठरलेली नाही.

भामाने विचारलं, "आज तिथ कंची?"

कॅलेंडरवर तृतीया होती. भामाने बोटांवर मोजलं. "तीन पाऊणे सव्वादोन," ती म्हणाली आणि घड्याळाकडे पाहिलं. मग परेशकडे वळली. "हिला येड नाय लागलं, परेश. भरती हाय. ही कामाला निघते."

मित्रांनो, जुनी माणसं पाऊणकीचा पाढा पाठ करायची, ते तुम्ही ऐकलं असेल. मोऱ्याच्या लोकांना तो शाळेसाठी लागत नसे. जी तिथी असेल तिची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, ढोबळ का होईना. शांतीबायला सही करता येत नव्हती, पण पाऊणकी तिनेच परेशला शिकवली होती, धक्क्यावर मांडीवर बसवून. तिला नवरा मेल्याचं आठवत नव्हतं, जेवल्याचं आठवत नव्हतं, पण पाण्याची वेळ तिच्या अंगात शाबूत होती. आणि ज्या रविवारी तो तिला मोऱ्याला घेऊन गेला, तेव्हा ओहोटी होती. आता कशाला आणलंस, असं ती बरोबरच म्हणाली होती.

"मी रोज ही वेळ फळ्यावर लिहितो," परेश म्हणाला. मग तो आईच्या मागे जिना उतरला. तासाभराने दोघं परत आली आणि बऱ्याच महिन्यांनी शांतीबायने भात मागून घेतला.

पण कळलं म्हणजे सुटलं असं नसतं. भावनाने त्याच संध्याकाळी विचारलं की मंगळवारी पावणेचारला तिच्यासोबत कोण असणार आहे. तिचा प्रश्न खरा होता. आश्रमाच्या सेक्रेटरींना शेजाऱ्यांच्या फोनवरून विनंती केली, त्यांनी एक महिना जागा राखून ठेवायचं कबूल केलं. परेशने बंदरात पहिली पाळी मागून घेतली. पहाटे पाचला निघायचं, तीनला घरी. भावनाने बँकेत उशिरा यायची सवलत घेतली, ती सकाळी दहापर्यंत घरी असायची. मधले पाच तास उरायचे. त्या तासांत भरती आली तर भामा शांतीबायला बाजारात नेऊन आपल्याशेजारी बसवायची. न आली तर आमचं आणि कमळाकर काकांचं दार समोरासमोर सताड उघडं. माझी तिसरी किल्ली काकांच्या खुंटीवर गेली. मी पुन्हा आतल्या खिळ्यावर आलो.

तो महिना माझ्या आयुष्यातला सर्वात लांब महिना. रोज मनात धाकधूक. एकदा शांतीबायने भावनाला चावा घेतला. एकदा बाजारात गिऱ्हाइकाच्या हातातून सरंगा ओढून घेतला आणि शिव्या दिल्या. काका एका दुपारी डुलकी लागून झोपले आणि ती खाली फाटकापर्यंत पोचली. परेश-भावनाची भेट आता फक्त संध्याकाळी, तीही दोघं दमलेली. मला सारखं वाटायचं की परेशचा हात आता माझ्याकडे येणार. महिना संपत आला तेव्हा आश्रमाचं पत्र आलं, काय ठरलं म्हणून. ते चार दिवस टीव्हीवर पडून होतं. पाचव्या दिवशी भावनाने स्वतःच उत्तर लिहिलं आणि परेशला वाचून दाखवलं. यादीतून नाव काढावं, एवढंच त्यात होतं.

शांतीबाय आणखी दोन वर्षं जगली. त्यातलीच एक सकाळ. बाजाराला निघताना तिने मला खिळ्यावरून उचललं, निरखून पाहिलं आणि पाटीत टाकलं. भामाच्या शेजारी तिने तीन-चार बांगडे विकायला मांडले होते, त्यांवर ओलं गोणपाट घातलं आणि ते उडू नये म्हणून वर मला ठेवलं. मग रोजच नेऊ लागली. एवढ्या मोठ्या कुलपाचं तिला शेवटी काहीतरी काम सापडलं. खारं पाणी माझ्या पोटात गेलं. खवले गेले. माझे सात लिव्हर एकेक करून जाम झाले, आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. माशा घोंगावत असायच्या, बायका ओरडत असायच्या, आणि शांतीबायचा हात माझ्यावर असायचा.

१९९६ च्या मार्गशीर्षात ती घरीच गेली, झोपेत, भावना उशाशी असताना.

दिवसकार्य झालं. परेश पहाटेच्या पाळीला गेला. दहा वाजता भावना बँकेत जायला निघाली. आता घरात कोणी नव्हतं. घराला कुलूप लावायला हरकत नव्हती. तिने मला खिळ्यावरून काढलं, कडीत घातलं, किल्ली फिरवली. किल्ली फिरेना. तिने पर्समधलं क्रीम लावून पाहिलं, जोर लावला, भोकात फुंकर मारली. मग मला नाकाशी नेलं. माझ्या अंगाला अजून म्हावऱ्याचा वास होता. भावना मला मुठीत धरून जिन्याच्या पायरीवर बसली आणि हमसून रडली. कमळाकर काका दारात येऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, दार नुसतं ओढून घेतलं आणि काकांना म्हणाली, "काका, लक्ष ठेवा." आणि गेली.

मित्रांनो, आश्रम वाईट असतो असं मी म्हणणार नाही. वरच्या मजल्यावरचे आजोबा तिथेच आहेत आणि त्यांना तिथे सोबत मिळाली आहे. कोणाला घरी ठेवावं आणि कोणाला तिथे, हे सांगण्याइतकं मी शहाणं कुलूप नाही. तुमचेही आई-वडील कधीतरी म्हातारे होतील आणि एखाद्या दाराशी येऊन ते हलवू लागतील. तेव्हा किल्ली हातात घेण्याआधी एकदा विचारा, आये, कुठे निघालीस? उत्तर धड मिळणार नाही. तरी विचारा. चपला घालून दहा पावलं सोबत जा. आज भरती साडेअकराला आहे, परेशने सकाळी फळ्यावर लिहिलं असेल. दार नुसतं ओढलेलं आहे.